जळलेल्या जमिनीवर एक पाय

9 सप्टेंबर 2020 या दिवशी सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या गावांत नीट उजाडलंच नाही. सकाळचे दहा वाजून गेले तरी रस्त्यावरचे दिवे जळत होते, मोटारी हेडलाइट लावून चालल्या होत्या आणि वरचं आकाश गडद नारिंगी होतं. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे या पट्ट्यात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. त्यांनी खिडकीतून काढलेले फोटो काही मिनिटांत पुण्या-नाशकातल्या आई-वडिलांच्या फोनवर पोचले आणि तिकडून एकच प्रश्न आला: आग घरापासून किती लांब आहे?

त्या दिवशीच्या मुख्य आगी शे-दीडशे मैल उत्तरेला होत्या. त्यांचा धूर उंचावरून किनाऱ्याकडे सरकला आणि समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या थरावर गालिच्यासारखा पसरला. सूर्यप्रकाशातला निळा भाग धुराच्या कणांनी अडवला आणि खाली फक्त तांबूस प्रकाश झिरपला. विशेष म्हणजे त्या दिवशी जमिनीलगतची हवा फारशी वाईट नव्हती, कारण धुक्याने धूर वरच्या वर तोलून धरला होता. धूर खाली उतरला तो पुढच्या दोन-तीन दिवसांत. ऑगस्टच्या मध्यात कोरड्या विजांच्या वादळाने राज्यभर शेकडो ठिकाणी वणवे पेटवले होते, आणि तेव्हापासून सलग 30 दिवस सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात हवेच्या प्रदूषणाचा इशारा लागू होता. मुलं घरात कोंडलेली, दाराखिडक्यांच्या फटींना टेप, कोपऱ्यात घरघरणारं हवा शुद्ध करणारं यंत्र. वर्षअखेरीला हिशेब झाला तेव्हा कॅलिफोर्नियात 42 लाख एकरांहून जास्त जमीन जळाली होती. त्यातला ऑगस्ट कॉम्प्लेक्स हा एकच वणवा दहा लाख एकरांच्या पुढे गेला होता.

वणव्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला आकाश दिसतं, धूर दिसतो, फोनवरचा नकाशा दिसतो. त्या नकाशातल्या लाल रेघेवर उभी असलेली माणसं मात्र दिसत नाहीत. आग ओसरली की कुंपणांवर, पुलांच्या कठड्यांवर चादरींवर रंगवलेले आभाराचे फलक लागतात. ते मनापासूनचे असतात आणि लागायलाच हवेत. पण ही माणसं नेमकं काय करतात हे कळलं, तर त्या आभाराला वजन येईल असं मला वाटतं. म्हणून हे प्रकरण त्यांच्या कामाविषयी आहे.

अग्निशमन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंब आणि पाण्याची धार येते. शहरातली इमारत पेटली तर ते चित्र खरं आहे. वणव्यापुढे पाणी फार लवकर अपुरं पडतं. 7 जानेवारी 2025 रोजी लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात आग भडकली तेव्हा त्या डोंगराळ वस्तीला पाणी पुरवणाऱ्या तीन टाक्या होत्या, प्रत्येकी सुमारे दहा लाख गॅलनच्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत तिन्ही रिकाम्या झाल्या आणि उंचावरच्या नळांना दाब उरला नाही. एकाच वेळी शेकडो घरं जळत असतील तर कुठल्याही गावची नळयोजना पुरी पडत नाही. आणि जिथे रस्ताच नाही, नळ नाही, अशा डोंगरात तर बंब पोचणारच कसा?

डोंगरातली आग विझते ती प्रामुख्याने मातीकामाने. आगीला उष्णता, हवा आणि जळण लागतं. उघड्या रानात हवा तोडता येत नाही, उष्णता कमी करायला पाणी नाही. हाती राहतं ते जळण. आगीच्या वाटेतलं जळण काढून टाकायचं, खाली फक्त माती उरेपर्यंत जमीन खरवडायची, आणि अशी पट्टी आगीला चहूबाजूंनी वेढा पडेपर्यंत ओढत न्यायची. आपल्याकडे ताडोबा-मेळघाटात वनमजूर उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषा काढतात, तिच्यामागचा विचार हाच. आपल्या वनखात्याचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरला जातो आणि जाळरेषा त्याआधी थंड डोक्याने आखता येतात. कॅलिफोर्नियातल्या टोळ्यांना हेच काम पेटलेल्या डोंगरावर, आगीच्या बाजूने चालत करावं लागतं.

अशी टोळी साधारण वीस जणांची असते. सगळ्यांत पुढे करवतवाले. ते झुडपं आणि खालच्या फांद्या कापत जातात आणि त्यांचे जोडीदार कापलेलं सगळं आगीच्या उलट्या बाजूला फेकत जातात. त्यांच्या मागे हत्यारवाल्यांची रांग. यातलं मुख्य हत्यार पुलास्की, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं. रांगेतला प्रत्येक जण दोन-चार घाव घालतो आणि एक पाऊल पुढे सरकतो. कुणी एका जागी थांबून खड्डा खणत बसत नाही. पहिल्याने मुळं तोडली, दुसऱ्याने ढेकूळ उलटवलं, पाचव्याने पालापाचोळा बाजूला केला, असं करत शेवटच्यापर्यंत पट्टी तयार होते. शेवटी मॅक्लॉडवाले येतात. त्यांच्या हत्याराला एका अंगाला दाताळं आणि दुसऱ्या अंगाला फावड्यासारखी रुंद धार असते. ते जमीन साफ खरवडतात. एक सुकं मूळ जरी पट्टीच्या आरपार राहिलं, तरी त्यातून आग मातीखालून धुमसत पलीकडे जाऊ शकते. मागे उरते दीड ते तीन फूट रुंदीची, नुसत्या मातीची वाट. दिवसभराच्या कामानंतर विमानातून पाहिलं तर ती धाग्याएवढी दिसेल.

हे सगळं पाठीवर वीसेक किलोचं ओझं घेऊन, लांब बाह्यांच्या जाड आगरोधक कपड्यांत, चढावर, धुरात. कामावर घेण्याआधीची परीक्षाच अशी आहे की 45 पौंडांचं ओझं घेऊन तीन मैल 45 मिनिटांत चालून दाखवायचं. पाळी सोळा तासांची असते, कधी चोवीस तासांची. एका मोहिमेवर सलग चौदा दिवस काढायचे, मध्ये थोडी विश्रांती, की पुढची मोहीम.

पुलास्की हे हत्यार ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो एड पुलास्की आयडाहोतला वनरक्षक होता. 20 ऑगस्ट 1910 रोजी वादळी वाऱ्याने तिथल्या अनेक आगी एकत्र आल्या आणि दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल गेलं. पुलास्कीच्या हाताखालची चाळीस-पंचेचाळीस माणसं आगीने वेढली गेली. त्याने त्यांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेलं आणि घाबरून बाहेर पळू पाहणाऱ्यांना पिस्तूल रोखून आत थांबवलं. पाच जण आत दगावले, बाकीचे जगले. त्याची स्वतःची नजर आणि फुप्फुसं कायमची अधू झाली. या आगीचा धसका अमेरिकेच्या वनसेवेने इतका घेतला की 1935 मध्ये तिने नियमच केला: कुठलीही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती काबूत आलीच पाहिजे. पुढची चार दशकं हे धोरण चाललं. उत्तर कॅलिफोर्नियातले करूक आणि युरोक लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगलात हलक्या आगी लावून झाडोरा विरळ ठेवत आले होते, त्या आगींवरही बंदी आली. ज्या जंगलांना दर काही वर्षांनी छोटी आग लागत असे, तिथे पालापाचोळा, वाळकी झुडपं आणि दाट रोपटी साचत गेली. आज टोळ्या ज्या आगींशी झुंजतात त्यांतलं बरंचसं जळण त्या धोरणाच्या काळात साठलेलं आहे. वाढतं तापमान आणि लांबलेला कोरडा हंगाम त्याला आणखी सुकवतो.

आता या प्रकरणाच्या नावाकडे येतो. वणव्याशी झुंजणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून शिकवतात की एक पाय काळ्यात ठेवा. काळं म्हणजे जळून गेलेली जमीन. जे एकदा पूर्ण जळालं ते पुन्हा जळत नाही, म्हणून आगीच्या शेजारी सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे तिने खाऊन टाकलेली जागा. हिरवळीत, म्हणजे न जळलेल्या झाडीत, उभं राहणं धोक्याचं. पॉल ग्लीसन या अनुभवी टोळीप्रमुखाने 1991 मध्ये सगळे नियम चार गोष्टींत बसवले: टेहळणीला माणूस हवा, आपसांत संपर्क हवा, निसटायची वाट ठरलेली हवी आणि त्या वाटेच्या टोकाला सुरक्षित जागा हवी. या चारही गोष्टी नक्की झाल्याशिवाय हत्यार जमिनीला लावायचं नाही.

नियम माहीत असणाऱ्यांवरही वेळ येते. 30 जून 2013 रोजी ॲरिझोनातल्या यार्नेल गावाजवळ ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स ही प्रेस्कॉट शहराची टोळी काम करत होती. दुपारी ढगांच्या गडगडाटी वादळातून निघालेल्या वाऱ्याने आगीची दिशा फिरवली. टोळी काळ्यात होती. तिथून ती खाली एका वाडीकडे निघाली आणि वाटेतल्या झुडपांनी भरलेल्या खोलगट भागात आगीने तिला गाठलं. प्रत्येकाच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या थराचा घडीचा तंबू असतो. शेवटचा उपाय म्हणून जमिनीवर पालथं पडून तो अंगावर ओढून घ्यायचा. त्यांनी तो ओढून घेतलाही, पण ज्वाळा थेट अंगावरून गेल्या तर तो टिकत नाही. वीसपैकी एकोणीस जण गेले. बहुतेक विशीतले होते. टेहळणीवर वेगळा उभा असलेला एकच वाचला.

बातम्यांत आगीबरोबर एक टक्केवारी येते: इतके टक्के काबूत. ती ऐकून घरी बसलेल्या माणसाचा गैरसमज होतो. दहा टक्के काबूत म्हणजे दहा टक्के आग विझली असं नाही. आगीच्या पूर्ण परिघापैकी दहा टक्के लांबीवर अशी पट्टी तयार झाली आहे, जी आग ओलांडणार नाही अशी टोळ्यांना खात्री आहे, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या वणव्याचा परिघ शेकडो मैलांचा असतो. आकडा चार दिवस शून्यावर असतो तेव्हाही शेकडो माणसं रात्रंदिवस खणत असतात. त्यांची पट्टी अजून भरवशाची ठरलेली नसते, इतकंच.

टीव्हीवर सर्वांत जास्त दिसतात ती लाल द्रव सोडणारी विमानं. तो लाल पदार्थ म्हणजे मुख्यतः अमोनियम फॉस्फेटचं खतासारखं मिश्रण. आधीचा थर कुठे संपला हे वैमानिकाला कळावं म्हणून त्यात लोहाचा लाल रंग घालतात. त्याने आग विझत नाही. तो आगीच्या पुढ्यातल्या झाडीवर शिंपडतात, म्हणजे आग मंदावते आणि जमिनीवरच्या टोळीला पट्टी पुरी करायला वेळ मिळतो. वारा फार असेल तर तेही जमत नाही. 7 जानेवारीच्या त्या रात्री लॉस एंजेलिसच्या डोंगरांत वाऱ्याचे झोत ताशी शंभर मैलांच्या आसपास पोचले आणि विमानं उतरवावी लागली. 9 जानेवारीला आणखी एक प्रकार घडला. आगीचं चित्रण करायला उडवलेला एका माणसाचा ड्रोन कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातून मदतीला आलेल्या, समुद्रातून पाणी उचलणाऱ्या विमानाच्या पंखावर आदळला. पंखाला भोक पडलं आणि विमान काही दिवस जमिनीवर बसून राहिलं.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या की कॅमेरे परततात. मला या कामाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो इथे सुरू होतो. पट्टीपासून आत शंभर-दोनशे फुटांपर्यंत एकेक बुंधा, एकेक बीळ, राखेचा प्रत्येक ढीग तपासायचा असतो. डोळ्यांना न दिसणारी धग शोधायला माणूस हातमोजा काढतो, गुडघ्यावर बसतो आणि उघड्या हाताची पाठ राखेजवळ नेतो. तळहातापेक्षा मागच्या बाजूला ऊब लवकर कळते, आणि भाजलंच तर हत्यार धरायचा तळवा तरी शाबूत राहतो. ऊब लागली की खणायचं, ढवळायचं, पाठीवरच्या पिशवीतलं पाणी शिंपडायचं, पुन्हा हात लावायचा. थंड लागेपर्यंत. मग पुढचा बुंधा. हे काम दिवसेंदिवस चालतं, राखेने नाक-घसा भरून जातो, आणि त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

ते अपुरं राहिलं तर काय होतं हे कॅलिफोर्नियाने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. 19 ऑक्टोबर 1991 रोजी ओकलंडच्या टेकड्यांवर गवताला लागलेली छोटी आग त्याच दिवशी आटोक्यात आणली गेली. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, उरलेल्या निखाऱ्यांतून ती उठली आणि 25 माणसं व सुमारे तीन हजार घरं गेली. पॅलिसेड्सची आगही अशीच. 1 जानेवारी 2025 च्या पहाटे लागलेली एक लहान आग विझवली गेली होती, पण ती झुडपांच्या मुळांत धुमसत राहिली आणि 7 जानेवारीच्या वाऱ्याने वर आली, असं सरकारी वकिलांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सांगितलं. एका मुळाशी राहिलेली धग आणि जळून गेलेली वस्ती यांच्यात फक्त सहा दिवसांचं अंतर होतं.

हे काम करणारे कोण? राज्याच्या कॅल फायर या खात्याची माणसं, गावोगावचे बंबवाले आणि केंद्र सरकारच्या वनसेवेच्या टोळ्या. वनसेवेतल्या माणसांना वर्षानुवर्षं कागदावर वनतंत्रज्ञ म्हणत. तासाला किमान 15 डॉलर मिळायला 2021 साल उजाडावं लागलं आणि पगारवाढ कायम झाली ती 2025 च्या मार्चमध्ये. हंगामभर धूर गिळणाऱ्या या लोकांच्या तोंडावर बहुधा एक रुमाल असतो, कारण इमारतीतल्या आगीत वापरतात ती हवेची टाकी पाठीवर घेऊन डोंगरात सोळा तास खणता येत नाही. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमन हा व्यवसायच कर्करोगकारक ठरवला.

यांच्याखेरीज नारिंगी कपड्यांतल्या टोळ्या असतात, त्या तुरुंगातल्या कैद्यांच्या. कमी धोक्याचे मानलेले कैदी स्वतःहून या कामाला पुढे येतात, डोंगरातल्या छावण्यांत राहतात, तेच प्रशिक्षण घेतात, तीच पट्टी खणतात. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसला असे हजाराहून जास्त जण होते. तेव्हा त्यांची मजुरी दिवसाला 5.80 ते 10.24 डॉलर होती, वर आगीवर असताना तासाला एक डॉलर. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कायदा होऊन आगीवरचा दर तासाला 7.25 डॉलर झाला. सुटकेनंतर गुन्ह्याची नोंद पुसून घ्यायला अर्ज करण्याची मुभा त्यांना 2020 च्या कायद्याने मिळाली. त्याआधी तुरुंगात असताना आग विझवलेल्या माणसाला बाहेर आल्यावर त्याच कामाची दारं बहुतेक बंद असत. एखाद्याचं घर वाचवलेल्या माणसाला इतका काळ असं वागवलं गेलं, हे मला लाजिरवाणं वाटतं.

शेजारी राहणाऱ्यांनी काय करावं, याचं उत्तर या कामातूनच मिळतं. जॅक कोहेन या वनसेवेतल्या शास्त्रज्ञाने कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात मुद्दाम लावलेल्या प्रचंड आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. शेंडे पेटलेलं जंगल तीस मीटरवर असलं तरी भिंतीने पेट घेतला नाही. घरं जळतात ती मुख्यतः वाऱ्याबरोबर उडत येणाऱ्या निखाऱ्यांनी. निखारा पन्हाळीतल्या सुक्या पानांत पडतो, भिंतीला टेकवलेल्या लाकडांत पडतो, माळ्याच्या झरोक्यातून आत शिरतो. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं तेव्हा घरांच्या जागी राख आणि शेजारी हिरवी झाडं, असं दृश्य ठिकठिकाणी होतं. म्हणून घराभोवतीचे पहिले पाच फूट मोकळे, पन्हाळी स्वच्छ, झरोक्यांना बारीक जाळी. हे आपल्या हातातलं मातीकाम आहे.

आणि निघा म्हटलं की निघणं. पॅराडाइजच्या दिवशी, 8 नोव्हेंबरला, आग सकाळी साडेसहाच्या सुमारास विजेच्या जुनाट वाहिनीमुळे लागली आणि दीडेक तासात गावात शिरली. त्या सकाळी टोळ्यांनी आग विझवायचा नाद सोडला. रस्ते अडले होते, गाड्या पेटत होत्या. बंबवाल्यांनी आणि बुलडोझरवाल्यांनी लोकांना वाहनतळांवर, मोकळ्या पटांगणांवर गोळा केलं आणि आग डोक्यावरून जाईपर्यंत त्यांना तिथे राखलं. अशा जागांवर हजाराहून जास्त जीव वाचले. तरीही 85 माणसं गेली.

घर सोडताना काय करायचं याची यादी कॅल फायर लोकांना आधीच देते. त्यातल्या बऱ्याच गोष्टी उद्या त्या घराशी येणाऱ्या टोळीसाठी आहेत. खिडक्या लावा, कुलूप घालू नका, त्यांना आत जावं लागेल. दिवे चालू ठेवा, धुरात घर दिसलं पाहिजे. शिडी बाहेर भिंतीला लावून ठेवा, छपरावर चढायला त्यांना शोधावी लागू नये. गाडी रस्त्यात सोडावीच लागली तर किल्ली आत राहू द्या. पॅलिसेड्समध्ये सोडून दिलेल्या गाड्या बुलडोझरने ढकलून बंबांना वाट करावी लागली होती. आणि बागेतले फवारे बंद करून निघा. आपल्या हिरवळीवर पडणारं पाणी त्याच नळाच्या दाबातून जात असतं, जो वरच्या गल्लीत उभ्या असलेल्या बंबाला हवा असतो.